दोन झडपांची चिमणी

त्या माणसाची फजिती व्हावी, चार लोकांत व्हावी आणि माझ्या डोळ्यांदेखत व्हावी, असं मला सात महिने रोज वाटत होतं. कॉलेजचा जिना चढताना वाटायचं, भिंगं पुसून कपाटात लावताना वाटायचं, त्यांच्या टेबलावर चहाचा कप ठेवताना तर फारच वाटायचं. ते आमच्या पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख होते आणि मी तिथे प्रयोगशाळा सहायक. सगळे त्यांना सर म्हणायचे. मीही म्हणायचे.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. आम्ही शहराच्या कडेला, सक्करदऱ्याकडे राहत होतो. माझ्या बाबांचं टिनकामाचं लहानसं दुकान होतं. नरसाळी, गाळण्या, डब्यांची झाकणं असलं ते बनवायचे, पण खप सगळ्यात जास्त चिमण्यांचा. चिमणी म्हणजे पत्र्याची डबी, झाकणात एक नळी, नळीत सुताची वात आणि आत मातीचं तेल, म्हणजे रॉकेल. आमच्या वस्तीत बहुतेक घरांत तेव्हा वीज नव्हती, आणि जिथे होती तिथेही ती कधी जाईल याचा भरवसा नव्हता.

मी नऊ वर्षांची असताना माय भाकरी थापत बसली होती. मिठाची बरणी घ्यायला ती वळली आणि पदर अडकून मागची चिमणी आडवी झाली. तेल सांडलं आणि पदरानं पेट घेतला. शेजारणीनं पोतं टाकून आग विझवली, पण मायचा डावा हात कोपरापासून खांद्यापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली. कातडी आखडली, तो हात पुढे तिला कधी डोक्यावर नेता आला नाही. केस विंचरायला ती मला बोलवायची.

ती चिमणी बाबांच्याच हातची होती. त्यानंतर वर्षभर त्यांनी एकही चिमणी केली नाही. मग पोटासाठी पुन्हा सुरू केलं.

इंटर सायन्स करून मी कॉलेजात लागले, तेव्हा पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेच होतं. पडली की आपोआप विझेल अशी चिमणी करता येईल का? तळ जड करून पाहिला, पण जोराचा धक्का लागला की जड चिमणीही पडते. शेवटी सुचलं ते असं. डबी गोल न करता लांबट, चपट्या बाजूंची करायची. म्हणजे ती पडली तर डावीकडे किंवा उजवीकडे, दोनच दिशांना पडेल. मग वातीच्या दोन बाजूंना दोन छोट्या झडपा बसवायच्या, बाहेरच्या अंगाला किंचित कललेल्या. चिमणी उजवीकडे पडू लागली की डावी झडप आपल्या वजनानं उलटून वातीवर बसते. डावीकडे पडली तर उजवी. ज्योत तिथल्या तिथे गुदमरते.

बाबांनी पहिला नमुना दोन रविवार खपून केला. आम्ही तो पेटवून ओट्यावर ढकलला. टक्‌ असा आवाज झाला आणि दिवा विझला. बाबांनी तो उचलला, पुन्हा पेटवला, पुन्हा ढकलला. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे. माय दारात उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "आधी काहून नाही सुचलं?" आणि आत गेली.

तो नमुना मी सरांना दाखवला. त्यांनी दोनदा पाडून पाहिला, छान आहे म्हणाले, टेबलावर राहू दे, सवडीनं बघतो म्हणाले. मी राहू दिला.

घरी वापरायला बाबांनी तशीच दुसरी चिमणी केली होती. नवव्या दिवशी ती पाडून पाहिली तर झडप हललीच नाही. काजळी आणि तेल मिळून बिजागरीत चिकट लगदा झाला होता आणि बिजागरीचा लोखंडी खिळा भाताच्या वाफेनं गंजला होता. आम्ही बिजागरी ज्योतीपासून खाली नेली, तिच्यावर पत्र्याचा आडोसा केला, खिळा पितळेचा घातला आणि त्याचं भोक सैल ठेवलं. ही चिमणी महिना झाला तरी अडकली नाही.

हे सांगायला मी नवी चिमणी पिशवीत घालून सरांच्या खोलीत गेले. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. फोटोत सर होते आणि त्यांच्या हातात माझी चिमणी. खाली लिहिलं होतं की खेड्यापाड्यांतल्या गृहिणींची काळजी वाहणाऱ्या प्राध्यापकांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून हा सुरक्षित दिवा तयार केला.

मी विचारलं, "सर, यात माझं नाव नाही?"

ते चिडले नाहीत. समजावून सांगावं तशा सुरात म्हणाले, "हे बघ, टिनवाल्याच्या मुलीनं दिवा केला असं सांगितलं असतं, तर तो बघायला कोण आलं असतं? माझ्या नावानं निदान तो लोकांपर्यंत पोचेल. तुला लोकांचं भलं हवंय की नाव?"

माझा हात पिशवीत होता. नवी चिमणी बोटांना लागत होती. मी ती बाहेर काढली नाही. पहिल्या नमुन्यात दोष आहे हेही सांगितलं नाही. "बरं सर," म्हटलं आणि बाहेर आले. त्या क्षणी मी काही ठरवलं नव्हतं, पण जिना उतरेपर्यंत ठरलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सर आमच्या दुकानात आले. त्यांच्या दिव्याची पाहणी करायला सरकारी समिती येणार होती. त्याआधी मौद्याजवळच्या एका खेड्यात बारा घरांना दिवे वापरायला द्यायचे होते, आणि ते बनवायला त्यांना टिनवाला हवा होता. नमुना बाबांच्या पुढ्यात ठेवून त्यांनी झडप कशी उलटते हे बोट लावून दाखवलं. कथलाचा डाग कुठे द्यायचा, पत्रा कुठे मुडपायचा, तेही सांगितलं. तो प्रत्येक मुडपा बाबांच्या हातचा होता. बाबा खाली मान घालून ऐकत राहिले आणि शेवटी फक्त कधीपर्यंत पाहिजेत ते विचारलं. सर जाताना म्हणाले की नमुन्यात कारागिरानं स्वतःची अक्कल चालवायची नाही, अगदी आहे तस्सा हवा.

ते गेल्यावर बाबांनी पितळेच्या तारेचं भेंडोळं काढलं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं.

"खिळा लोखंडीच टाका," मी म्हटलं. "नमुन्यात आहे तसाच."

"आठ दिवसांत अडकते वं थे. तुले माहीत आहे."

"त्याइले माहीत नाही."

बाबांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "माया हातून खोटी चीज जाऊन राहिली. लोकं तिच्या भरवशावर निजतीन." मी म्हटलं, पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे, मग सगळं उघडं करीन. ते म्हणाले, आगीले पंधरा दिवस कायले लागतात? तरी त्यांनी माझं ऐकलं. का ऐकलं ते मी कधी विचारलं नाही. सरांचं ते बोट त्यांनाही लागलं असावं. बारा चिमण्या लोखंडी खिळ्याच्या झाल्या आणि गेल्या.

ते पंधरा दिवस मी नीट जेवले आणि नीट झोपले. हे सांगायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. डोळे मिटले की मला ती बारा घरं दिसत नव्हती. सरांचा चेहराच दिसायचा.

पाहणी सकाळी दहाला गावच्या शाळेच्या पटांगणात होती. मला सामान उचलायला नेलं होतं. लिंबाखाली टेबल मांडलं होतं, खुर्च्यांवर समितीची चार माणसं आणि समोर गावकरी. मध्ये वाळू पसरून ठेवली होती. समितीचे अध्यक्ष म्हणजे पिकल्या केसांचे एक इंजिनीअर होते, कमी बोलणारे. सरांनी कॉलेजातून आणलेला कोरा दिवा पेटवला आणि वाळूवर पाडला. टक्‌. दिवा विझला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर हसून संशोधनातल्या अडचणी सांगू लागले.

त्यांचं बोलणं संपल्यावर मी पुढे झाले आणि अध्यक्षांना म्हटलं, "साहेब, गावातला वापरलेला दिवा बघता का?"

सरांना ही कल्पना आवडली. तेच म्हणाले, आणा, आणा. समोर बसलेली एक बाई उठली, घर जवळच होतं, दिवा घेऊन आली. काळाभोर झाला होता. मी तो वाळूवर ठेवला, पेटवला आणि बोटानं ढकलला.

झडप जागची हलली नाही. तेल वाळूवर पसरलं आणि त्याच्यावर हातभर ज्वाळा उठली. पुढे बसलेली माणसं मागे सरली. मी शेजारी ठेवलेलं पोतं टाकून ती विझवली.

अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले की या बायका दिवा पुसत नाहीत, रोज पुसायला हवा. अध्यक्षांनी दिवा हातात घेतला, झडप नखानं उचकटली आणि शांतपणे विचारलं, "ही बिजागरी ज्योतीच्या इतक्या जवळ का ठेवलीत?"

सरांना सांगता येईना. त्यांनी तो दिवा कधी उघडून पाहिलाच नव्हता. ते बिजागरीकडे बघत राहिले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मी ते अगदी नीट, डोळे भरून पाहिलं.

मग मी पिशवीतून आमच्या चुलीजवळची चिमणी काढली. आठ महिने रोज जळलेली, न पुसलेली. पेटवली, पाडली. टक्‌. पुन्हा पेटवून दुसऱ्या बाजूला पाडली. टक्‌.

"हा कोणी केला?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी. आणि माझ्या बाबांनी. तो पहिलाही आमचाच आहे. सरांनी नेला तेव्हा त्यातली चूक आम्हाला सापडायची होती. सापडल्यावर त्यांना सांगायला गेले होते, पण तोवर त्यांचा फोटो छापून आला होता."

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरून ठेवला. अध्यक्षांनी कागद मिटले. पण उठता उठता ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चूक तुला माहीत होती, तर हे बारा दिवे या घरांत गेलेच कसे?"

मी वाळूवरचं पोतं उचलून त्याची घडी करू लागले. परतीच्या बसमध्येही मी त्याचं उत्तर शोधलं नाही. मला फक्त त्या लाल पाळ्या आठवत होत्या, आणि आत थंड वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पितळेचे खिळे, कात्री आणि डाग द्यायचं सामान घेऊन मौद्याच्या बसकडे निघाले. मला म्हणाले, "तूही चाल." आम्ही घरोघर फिरलो. बाबा ओट्यावर बसून बिजागरी खाली घ्यायचे, खिळा बदलायचे, आणि मी दिवा पाडून दाखवायचे. पाचव्या की सहाव्या घरी एका तरण्या बाईनं दिवा आणून दिला, मग आतून एक वाकळ आणली. तिचा एक कोपरा जळून गेला होता. दहाव्या दिवशी दिवा पडला होता, लेकरू त्याच वाकळीवर निजलं होतं. तिनं लेकरू ओढलं आणि वाकळ अंगणात फेकली.

मी विचारलं, "मंग कोणाले सांगितलं काहून नाही?"

"मले वाटलं, माया हातूनच काही चुकलं," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या सरांचा दिवा."

बाबांनी मान वर केली नाही. ते खिळा ठोकत राहिले. मी ती वाकळ हातात घेऊन उभी होते, आणि जळक्या कापसाचा वास येत होता. त्या बाईला खरं काय ते सांगावं असं वाटलं. सांगितलं नाही. बाबांनीही सांगितलं नाही. त्या दिवसानंतर बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

समितीनं दोन्ही दिवे बाजूला ठेवले आणि योजना कागदावरच राहिली. सर दुसऱ्या गावी बदली मागून गेले, असं नंतर कानावर आलं. जूनमध्ये कॉलेजनं मला पुन्हा कामावर घेतलं नाही. मी दुकानात बसू लागले. पितळेच्या खिळ्याच्या चिमण्या आम्ही पुष्कळ केल्या. इतर टिनवाले बघायला यायचे. मी त्यांना सगळं उघडून दाखवायचे आणि बजावायचे की खिळा पितळेचाच घाला. पुढे वस्तीत वीज आली, चिमण्यांचा खप कमी होत गेला, आणि आम्ही धान्याच्या कोठ्या बनवू लागलो.

दहा-अकरा वर्षांनी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, रामदासपेठेत दवाखान्यात मायला भेटून मी बसथांब्यावर उभी होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आले. मला बघून म्हणाले, "ओळखलंस का?"

"ओळखलं," मी म्हटलं.

सर रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तुझा तो दिवा चांगला होता."

मी वाट पाहिली. त्याच्या पुढे ते काही बोलतील असं वाटलं होतं. बोलले नाहीत.

"तुम्ही हे तेव्हा त्या पेपरवाल्याला सांगायचं होतं," मी म्हटलं. तेवढ्यात बस आली.

ते माझ्या मागोमाग चढले. बसमध्ये एकच बाक अर्धा रिकामा होता. मी खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर माझी पिशवी ठेवली. ते दांडी धरून उभे राहिले. त्यांचं वय झालं होतं, वळणावर तोल जात होता. हे सगळं मला दिसत होतं. बर्डीचा थांबा येईपर्यंत मी पिशवी उचलली नाही.