कुलर, लेझर आणि माझा जोड

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात परदेशातून एक लेझर आला होता, काडेपेटीएवढा. सर त्याला कुलपात ठेवत आणि दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचं फूल वाहत. एरवी त्याचा उपयोग काय, असं विचारण्याइतकं उद्धट कोणी नव्हतं. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी तो माझ्या आणि माझ्या पार्टनरच्या हाती आला. प्रयोगशाळेतलं गाणं प्रकाशावर चढवून, काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून, शेजारच्या खोलीत पोचवायचं होतं. दार उघडं ठेवलं असतं तर ते तसंही ऐकू गेलं असतं.

पार्टनर उदार होता. काम त्यानं मला दिलं आणि बोलणं स्वतःकडे ठेवलं.

"तू फक्त तार जोड वं. परीक्षकासमोर मी बोलतो. तुले मराठी जमत नाही अन् इंग्रजी बोलाची लाज वाटते."

माझ्या कॉन्व्हेंटच्या शिक्षणाचा इतका नेमका सारांश पुढे कोणीच केला नाही.

तार दोन तुकड्यांची होती; मधला जोड मी केला. हिवाळाभर गाणं छान वाजलं. उन्हाळ्यात खिडकीत कुलर लागला आणि गाण्यात खरखर सुरू झाली. सरांचं निदान तयारच होतं. "जोड बिघडला. मुलींच्या हाताचं काम हे असं." मी जोड उघडला, टोकं घासली, पुन्हा बसवला. खरखर जागची हलली नाही.

"जोडच आहे सर," पार्टनर गंभीरपणे म्हणाला. त्यानं तो जोड अजून पाहिलाही नव्हता.

एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी पडदे ओढले, जोड सोडवला आणि तारेचं टोक कागदासमोर धरलं. अंधुक लाल ठिपका उमटला, रव्यासारखा दाणेदार. कुलर लावला. त्याच्या हादऱ्यानं खिडकीलगतची तार थरथरली आणि दाणे वळवळायला लागले. आता कळलं. जोडात अगदी बारीक फट असतेच, कोणाच्याही हाताचा असो. कधी जास्त दाणे पार जात, कधी कमी, आणि प्रकाश तसा वरखाली होई. तीच खरखर. दाणे पडत होते ते लेझरच्या अतिशिस्तीच्या, सगळ्या लाटा एका तालात चालणाऱ्या प्रकाशामुळे. साध्या एलईडीचा प्रकाश तेवढा शिस्तीचा नसतो, म्हणून त्यात दाणे टिकत नाहीत. लांबच्या गावी जायचं तर लेझर हवा. भिंतीपलीकडे जायला एलईडी पुरे.

हे मी अडखळत सरांना सांगितलं. पार्टनर शेजारी उभा होता.

"एलईडी? तो तर रेडिओवर लागते," सर म्हणाले. "परदेशातला लेझर काढून तो लावू? मॅडम, तुम्ही जोड पाहा."

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक घामाघूम होऊन आले आणि थेट कुलरसमोर बसले. गाणं खरखरलं.

"सर, जोड हिनं केला," पार्टनरनं तत्परतेनं सांगितलं.

आमच्या सरांनी कुलर बंद केला. गाणं स्वच्छ झालं आणि परीक्षक ओलेचिंब.

"म्हणजे हे यंत्र फक्त हिवाळ्यात चालतं?" ते रुमाल पिळत म्हणाले. "मार्क पण हिवाळ्यात देऊ का?"

माझं वर्ष त्या खरखरीत जाणार हे दिसत होतं. "जोड चांगला आहे," मी म्हटलं. आवाज मलाच ओळखू आला नाही. "लेझर काढून पाहू?"

सर खोकले. परीक्षकांनी होकारार्थी मान डोलावली. मी खणातला साधा एलईडी काढून लेझरच्या जागी लावला. जोडाला हात लावला नाही. मग कुलर पुन्हा सुरू केला. खिडकी थडथडत होती आणि गाणं निवांत चाललं होतं.

"हेच मी यांले सांगून राहिलो होतो," सर म्हणाले.

पार्टनरनं रव्याच्या दाण्यांवर सुंदर व्याख्यान दिलं. परीक्षकांनी मधेच जोड बोटांनी चाचपला.

"हा कोणी केला?"

"आम्ही, सर," पार्टनर म्हणाला.

"मी," मी म्हटलं. तेवढं मराठी मला जमलं.