पायाळूचा पाय
कपाट आवरताना आईच्या पाठीचा जुना एक्स-रे हाती लागला आणि भात झोडणीचे ते दिवस आठवले. जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या आमच्या गावात, खळ्यावर पोतं उचलताना आईच्या पाठीत काडकन आवाज झाला होता. उसण भरली असेल असं समजून आम्ही आठवडाभर शेकलं, लेप लावले. पण तिला कूसही बदलता येईना. मी जन्मताना पायाकडून आलेली, म्हणजे पायाळू, आणि पायाळूनं पाय लावला की उसण उतरते असं गावात सगळेच मानत. शेवटी आईच रडत म्हणाली, "पोरी, तुजा पाय लाव. आता न्हाई सोसवत." मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. ती कशीबशी पालथी झाली, मी पाठीवर टाच दाबली आणि ती अशी ओरडली की शेजारचे धावत आले. दुसऱ्या दिवशी जुन्नरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "हाडं ठिसूळ झालीत, मणका दबलाय. पाठ कुणी चोळली, तुडवली तर नाही ना?" आई स्ट्रेचरवरूनच म्हणाली, "न्हाई सायेब, कुणी हातबी लावला न्हाई." पट्टा, गोळ्या, इंजेक्शनं झाली आणि तीन महिन्यांनी ती चालू लागली, पण वाकूनच. तो मणका पोत्यानं किती दबला आणि माझ्या टाचेनं किती, हे मी अजून कुठल्याच डॉक्टरांना विचारलेलं नाही.