मागे बांधलेले हात

केंद्रातल्या रेकॉर्डिंगवाल्याला स्वच्छतेचं भारी वेड. त्या बुधवारी सकाळी सर्व्हरच्या एका डिस्कवर लाल दिवा दिसला, तशी गड्याने ती ओढून काढली, फुंकर मारून पुसली, आणि हात लागलाच आहे तर म्हणून शेजारच्या दोनही काढून पुसल्या. तेही मशीन चालू असताना! परत बसवल्यावर सर्व्हर एकही फाइल दाखवेना.

घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार असतो, त्यांचा आवाज हे केंद्र आधी टिपून ठेवायचं. जुन्या आवाजांची प्रत दुसरीकडे होती. या आठवड्याची निघायची होती. आणि त्याच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा आवाज त्याने स्वतः सोमवारी टिपला होता. ऑपरेशन काल झालं. आता तो आवाज जगात कुठे असेल, तर या आठ डिस्कांवर.

दुपारी बिघडलेल्या डिस्कांवरच्या फाइली परत मिळवून देणाऱ्या सबुरीबाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. हे नाव त्यांना सहकाऱ्यांनी चेष्टेने ठेवलेलं, कारण एक ओळ टाइप करायची की त्या खुर्चीवरून उठत, हात मागे बांधत, ती ओळ मोठ्याने वाचत आणि मगच एंटर दाबत. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसला सुट्टी. त्याचा जीव टांगणीला लागलेला आणि बाईंचं आपलं निवांत वाचन चाललेलं.

मशीन तिन्ही डिस्कांना परकं समजत होतं. पुन्हा घरात घ्यायचं की पुसून टाकायचं, एवढंच विचारत होतं. सगळ्यांनाच घ्या, असं तो काकुळतीने म्हणाला. बाई मशीनने ठेवलेल्या नोंदी वाचत राहिल्या, आणि वीस मिनिटांनी बोट एका ओळीवर थांबलं.

"ही लाल दिव्याची, चौथी डिस्क शनिवारीच बंद पडली होती. सोमवार तिला माहीतच नाही. तिला आत घेतलं, तर तिचा शनिवार बाकीच्यांच्या सोमवारात कालवला जाईल. आठांतली एक नसली तरी फाइली पुऱ्या निघतात, सात जणी पुरेत."

हजारो ओळींतून या बाईने एका डिस्कचा वार शोधून काढला होता! तो थक्क होऊन बघत राहिला. चौथी काढून ठेवून त्यांनी आज्ञा टाइप केली, उठल्या, हात मागे बांधले. त्याने न राहवून विचारलं, असं का?

"एकदा घाईत 'घे'च्या जागी 'पूस' दाबलं होतं," त्या म्हणाल्या. "लोकांचं काय काय गेलं, ते अजून पाठ आहे मला."

ओळ वाचून झाली. एंटर. पडदा बराच वेळ तसाच. मग एकेक करत फाइली उमटू लागल्या, आणि सर्वांत खाली सोमवारची तारीख. या बाईच्या पाया पडावं, असं त्याला वाटलं.

"तुम्हीच लावा," म्हणत बाई बाजूला झाल्या.

तो उभा राहिला. हात मागे घेतले, फाइलचं नाव अक्षर अक्षर मोठ्याने वाचलं, आणि मगच बटण दाबलं.

"अरे, सुरू झालं का?" स्पीकरमधून ताई विचारत होती.

"हो गं ताई," तो म्हणाला.