बिरूचा पालथा हात

एक ना एक दिवस बिरूचा हात शेगडीला चिकटून राहणार, ही भीती मालनबाईंच्या डोक्यातून जाता जात नव्हती.

बिरू त्यांचा भाडेकरू, पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत दोन वर्षं राहत होता. सोयगावकडच्या धनगरवस्तीवर वाढलेला. बापामागं मेंढरं वळता वळता मास्तरांनी शाळेत धरून बसवला, मग आयटीआय झाला, आणि वाळूजला कारखाने उभे राहू लागले तसा त्यातल्या एकात वायरमन म्हणून लागला. बायको पुतळा गावी, सासू-सासऱ्यांजवळ.

सुट्टीच्या दिवशी तो ओट्यावर वडिलांची काळी घोंगडी अंथरून बसे. गल्लीतल्या बिघडलेल्या शेगड्या, इस्त्र्या पुढ्यात येऊन पडत. घोंगडीवर बसल्याशिवाय तो पक्कडीला हात लावत नसे, आणि कुणी चपलेसकट तिच्यावर पाय ठेवला तर अंगावर जाई. दुरुस्ती झाली की बटण दाबायचं आणि शेगडीच्या पत्र्याला पालथा हात टेकवायचा. मेंढीच्या कानाला हात लावून ताप बघतात, अगदी तसा.

"लागत नाय. घेऊन जावा."

मालनबाई बी.एस्सी. झालेल्या. त्या दर वेळी म्हणायच्या, "अरे, आधी बल्ब लावून तपास ना. हातच कशाला?"

"काकू, पालथा हात चिकटत नाय, झटक्यासरशी माघारी येतो. कालेजात शिकवलं नाय व्हय तुम्हाला?"

विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा होऊन तीन दिवस झाले होते. बिरूच्या कंपनीत एका डब्यात जेवणाऱ्यांपैकी कुणी पेढे वाटत होतं, कुणी तोंड फिरवून बसत होतं. त्या दिवशी शिफ्टची बस आलीच नाही. एसटीही बंद होती. रॉकेलचा पत्ता नाही म्हणून मालनबाईंनी माळ्यावरची विजेची शेगडी काढली, आणि दूध उतू गेल्याबरोबर पातेल्यातून झटका बसला.

बिरूनं शेगडी उलटी केली. कॉइल शाबूत होती. खाली तारेत ओवलेल्या चिनीमातीच्या मण्यांपैकी दोन फुटले होते आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती. त्यानं नवे मणी ओवले, करपलेलं दूध खरवडून काढलं, बटण दाबलं, हात टेकवला.

"झालं. लागत नाय."

मालनबाई शेगडी सरकवायला वाकल्या. पत्र्याला बोटं लागली आणि कोपरापर्यंत मुंग्या सरकल्या. त्या ओरडल्या, तसा बिरू हसला.

"तुमच्या मनातच भ्या हाय, काकू. हे बघा." त्यानं परत हात टेकवला. काही नाही.

मालनबाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. अनवाणी, थंड फरशीवर. मग त्याच्या मांडीखाली पाहिलं.

"बिरू, घोंगडीवरून खाली उतर."

"आन्?"

"फरशीवर उभा राहा. आता लाव हात."

तो हसत हसतच उतरला. हात टेकवला मात्र, विंचू डसल्यासारखा मागे घेतला. पुन्हा घोंगडीवर चढला, लावला. काही नाही. हसू कुठल्या कुठे गेलं.

"कोरड्या लोकरीतून वीज जात नाही रे," मालनबाई म्हणाल्या. "दोन वर्षं तू घोंगडीवर बसून तपासतोयस."

बिरूनं घोंगडीचा काठ चिमटीत धरून पाहिला. "म्हंजी शेगड्या चांगल्या नव्हत्या. म्याच तेवढा वाचत होतो."

तो तसाच अनवाणी पळाला. गल्लीतल्या चार घरांत जाऊन शेगड्या बंद करायला सांगून आला. पाचवी शेगडी कुणाकडे, ते त्याच्या तोंडून निघेना. ती त्यानं मागच्याच आठवड्यात पुतळाला नेऊन दिली होती.

"सातवा महिना हाय तिला. चुलीचा धूर सोसत नाय म्हणून... ओल्या सारवणावर बसून दूध तापवती काकू ती."

"आत्ता लावली असेल?"

"वस्तीवर लाईट सातला येती."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले होते.

"जवळपास फोन कुणाकडे आहे?"

बिरू घुटमळला. "नानासाहेबाच्या दुकानात. वस्तीला लागूनच हाय. पर तिथं संध्याकाळी समदे बसल्यात. शेगडी घेऊन चाललो तवा म्हनला, 'काय रं, मेंढरं सोडून आता तारा वळतो व्हय?' म्या तिथंच लावून दावली त्याला. लालभडक झाली, गप बसला." तो खाली बघून बोलू लागला. "काकू, नुसतं बिघडलीय म्हना. माझं नाव नका घेऊ."

मालनबाईंना वाटलं, म्हणावं तसं. एवढ्या कष्टानं मिळवलेली पोराची पत. पण घरात 'बिघडलीय' म्हटलं की काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं. कुठे बिघडलीय ते बघायला कुणीतरी बटण दाबतंच. आणि ती पुतळाच असेल, कारण नवऱ्यानं हात लावून खात्री दिलेली.

"नाव घ्यावंच लागेल," त्या म्हणाल्या. "बिरूचं तपासायला चुकलं, शेगडीला कुणी हात लावू नका, असंच सांगणार मी. तुझं नाव ऐकलं तरच ती थांबेल."

त्यांनी रिसीव्हर उचलला. अर्जंट ट्रंककॉल बुक करायचा, म्हणजे आधी एक्स्चेंज लागायला हवं.

"नंबर सांग, बिरू."