वीरगळाची गोष्ट आधी कुणी सांगितली

आन् सगळ्यांच्या आधी कोण आलं, तर आमच्या उंब्रजच्या विहीणबाई, नवं लुगडं नेसून! आमच्या दोघींच्या नातीनं जादूच्या राज्याची चार पुस्तकं लिवल्यात, ती वाचणारी पोरं आज पुण्यास्नं घरी आली.

पोरांनी विचारलं, "ताई, एवढ्या लढाया सुचल्या कुठनं?"

नात म्हणाली, "उंब्रजच्या आजीच्या गोष्टींतनं."

लय जळलं बगा माझं. दर आमुशाला तिला कडेवर घिऊन वीरगळाच्या दगडाला तेल घालायची मी. त्यावरचा वीर कसा पडला, ते सांगायची मी!

तवर विहीणबाईच हसल्या, "आवं, मला कुठल्या गोष्टी येत्यात? सुट्टीला आली की हीच मला तुमच्या सांगायची, मग त्याच मी हिला निजताना परत सांगायची."

आता सांगा बायांनो, अशा विहिणीवर रुसायचं तरी कसं? दुसरा चहा टाकला.

पोरं येत्या आमुशाला दगड बघाय परत येणार हायती. तेल मीच घालणार.