कुलूपबंद ग्रीनहाऊसमधले सात टमाटर

मी एम.एस्सी. बायोटेक. आईने दारावर लिंबू-मिरची बांधली की काढून फेकणारी. असले अनुभव सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसलेली आहे... तेव्हा हे वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही.

नागपूरला हुडकेश्वरच्या पुढे आमच्या लॅबचं ग्रीनहाऊस होतं. आत टमाटरची झाडं — पण साधी नाहीत. कॉलऱ्याच्या जंतूचा एक निरुपद्रवी अंश फळातच तयार व्हावा म्हणून त्यांच्यात बाहेरचं जनुक घातलेलं. "सुई नको, फ्रिज नको. गरिबाच्या लेकराने फळ खाल्लं की लस मिळाली," असं आमचे सर पाहुण्यांना सांगायचे. नियम एकच, पण कडक — फळ बाहेर जाता कामा नये. प्रत्येक देठाला माझ्या अक्षरातली नंबरची चिठ्ठी. कुलूप फक्त सरांच्या आणि माझ्या बोटाच्या ठशाने उघडायचं.

मी दार उघडून दिलं की वनिताताई झाडांना पाणी घालायच्या. त्यांची मुलगी बाळंतपणात गेली होती. चार वर्षांची नात, आरोही, त्यांच्याजवळच राहायची.

एक दिवस पाइप खाली ठेवून म्हणाल्या, "मॅडम, एक द्या ना. आमच्या गल्लीत हगवण लागली. तीन घरचे लेकरं दवाखान्यात हायेत. आरोहीसाठी पाहिजे."

"हे औषध नाही हो अजून, ताई. उंदरांवरची चाचणीसुद्धा संपली नाही."

"सर तं म्हणत होते, गरिबाच्या लेकरायसाठीच हाय."

"आहे. पण आत्ता नाही."

त्यांनी पाइप उचलला. पाचव्या दिवशी आरोही गेली. एका दिवसात... हगवण, उलट्या, संपलं.

आठवड्याने ताई कामावर आल्या, आणि त्याच दिवशी दुपारी एक पिकलं फळ कमी निघालं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. सर म्हणाले, "वनिता नेऊन राहिली. झडती घ्या." बाई म्हणून झडती मीच घेतली — पिशवी, डबा, ब्लाउजसुद्धा. भर गेटवर, वॉचमन बघत असताना. त्या हात वर करून उभ्या राहिल्या. काही सापडलं नाही. चौथं फळ गेलं तेव्हा सरांनी त्यांना काढून टाकलं.

त्यानंतर तीन दिवसांत आणखी तीन गेली. कॅमेऱ्यात सकाळी फळ दिसतं, दुपारी देठ रिकामा. मधल्या वेळात आत कुणीच नाही. मी ते फुटेज कितीदा पाहिलं असेल...

शेवटी मी त्यांच्या वस्तीत गेले. माफी मागायला नाही — तपासायला. शेजारणीने सांगितलं, मागच्या मैदानात असतील, नातीला पुरलं तिथं.

दुपारचं ऊन होतं. मातीच्या लहानशा ढिगावर ओळीने सात टमाटर. पहिलं फळ जाऊन दहा दिवस झाले होते, पण सगळे घट्ट, देठ हिरवेगार. चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या. नंबर तेच.

वनिताताईंनी मान वर केली. "तुमीच ठेवून राहिल्या ना, मॅडम? ती होती तवा एक मांगतलं तं नाही म्हणल्या. आता काहून?"

मी नाही ठेवले, एवढंच सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं, "तेव्हा दिलं असतं तरी उपयोग झाला नसता, ताई. एका फळाने काही होत नाही."

"मंग देऊन द्याचं होतं ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "टमाटर म्हणून तरी खाल्ला असता तिनं."

मी ग्लोव्हज घातले. नियम होता. एकेक फळ उचलून पिशवीत टाकलं. त्यांनी अडवलं नाही. पलीकडच्या टमाटरपर्यंत माझा हात पोचावा म्हणून पाय तेवढे बाजूला घेतले.

लॅबमध्ये येऊन मी साती फळं वाफेच्या मशीनमध्ये घालून नष्ट केली. सर म्हणाले, बाहेर बोलायचं नाही. ताईंना परत बोलवायचा विषय मीही काढला नाही.

त्या दिवसापासून एकही फळ गेलं नाही. प्रोजेक्ट बंद होईपर्यंत मी रोज मोजत होते. ती सात फळं तिथे कशी पोचली, मला आजही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा... खरं सांगायचं तर शेवटी शेवटी मी, एखादं तरी कमी निघावं म्हणून मोजायची.