आईनं फेडलेला नवस

मी बास्केटबॉल खेळून पगार घेतो, हे आमच्या अवसरी बुद्रुकमधल्या निम्म्या लोकांना अजून खरं वाटत नाही. "म्हंजी बॉल जाळीत टाकायचा, आन् त्याचा पगार?" असं तोंडावर विचारतात. त्यांची काय चूक? मी फुकटचंच खातोय असं मला स्वतःलाही वाटतं.

उंची मला बापाकडून आली. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. दिवाळी झाली की बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचा. आता तो नाही, पण त्याचे लांब हातपाय मला मिळाले. मंचरच्या कॉलेजात एका सरांनी मला दारातून वाकून आत येताना पाहिलं आणि हातात बॉल दिला. महिनाभरात घरी येऊन आईला म्हणाले, "हा पोरगा भारताकडून खेळणार." तिथंच सगळा घोटाळा झाला. कष्टांच्या आधीच कौतुक मिळालं, मग कष्ट कोण करतंय? बाकीची पोरं पहाटे पळायला जायची, मी लोळत पडायचो. तरी सामन्यात गुण माझेच जास्त. पुढं एका व्यावसायिक संघानं मला उचललं, शहरात खोली दिली. देशाच्या संघाच्या शिबिरालाही दोनदा बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा पळण्याच्या चाचणीतच मला घरी पाठवलं. ज्याच्या बापाची हयात चालण्यात गेली, त्याला मैदानाच्या चकरा मारताना धाप लागली. हे कुठल्या तोंडानं सांगायचं? घरी मी गुडघा दुखावला म्हणून ठोकून दिलं.

सरांचं बोलणं आईनं मात्र मनावर घेतलं होतं. तिनं बिरोबाला नवस बोलला: लेक भारताच्या संघात खेळला की मेंढा देईन, आणि तोवर पायात चप्पल घालणार नाही. मी लई भांडलो, पण ती कुणाचं ऐकणारी बाई नव्हे. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर ती अनवाणी, कांदे काढायला रानात अनवाणी. टाचांना भेगा पडल्या, त्यात ती कोकमतेल भरायची. गावी गेलो की मी तिच्या पायांकडं बघायचंच टाळायचो. आणि पारावर कुणीतरी हमखास विचारायचं, "काय भाऊ, कवा खेळणार इंडियाकडनं? म्हातारीचे पाय झिजले की राव." मी नुसते दात काढायचो. दुसरं काय जमत होतं मला.

यंदा चैत्रात आईचा फोन आला. "रविवारी ये. नवस फेडायचाय."

"कशाचा नवस? अगं, अजून मी..."

"ये तू," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

पोचलो तर देवळापुढं मांडव, ढोलांचा दणका, चुलींवर मोठाली पातेली. चुलत्यानं मला मिठीच मारली आणि मोबाइल पुढं केला. त्यात माझाच फोटो होता, आमच्या संघाच्या नव्या निळ्या जर्सीतला. संघानं यंदा रंग बदलला होता, एवढंच. पण क्रिकेट बघून बघून आमच्या गावाच्या डोक्यात निळी जर्सी म्हणजे इंडिया, हे पक्कं बसलेलं. मी देशाकडून खेळलो, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्यांनी मला फेटा बांधला, कपाळाला भंडारा फासला आणि मेंढा देवापुढं आणून उभा केला. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी तसाच उभा राहिलो, फोटोसाठी हसलोसुद्धा. लाज वाटली म्हणणं फारच कमी होईल. तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावं असं वाटत होतं.

तेवढ्यात आई समोरनं आली. पायात नव्या कोऱ्या चपला. सवय मोडल्यामुळं ती अडखळत चालत होती.

पंगती उठल्या, ऊन कलायला लागलं, तेव्हा ती मांडवामागं पातेली घासायला बसली. आसपास कुणी नव्हतं. मी शेजारी उकिडवा बसलो आणि सगळं सांगून टाकलं. जर्सी कुणाची ते, शिबिरात काय झालं ते, गुडघ्याची थाप. म्हटलं, "आई, माझं खेळायचं वय सरत आलंय. मी भारताच्या संघात कधीच जाणार नाही."

तिनं हात थांबवला नाही. "ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"जर्सी तुमच्या संघाची हाय ते. लोक फोटू दाखवाय लागलं, तवाच तुझ्या सरास्नी फोन लावला व्हता मी. शिबिराचं बी त्यांनीच सांगितलं."

"मग नवस का फेडलास? देवापुढं खोटं बोललीस तू?"

"देवाचं माझं मी बघीन," ती म्हणाली. "पर तू गावात आलास की चोरावानी हिंडतोस. माझं उघडं पाय दिसलं की लोक तुला इचारत्यात. आता न्हाई कुणी इचारायचं. आता येत जा की निवांत."

एवढं बोलून तिनं पुढचं पातेलं ओढलं. तिनं माझ्यावर ओरडायला हवं होतं. दोन शिव्या हासडल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

मांडवातनं कुणीतरी हाक मारली, "ओ इंडिया, कुठं गेला? या हिकडं, पावणं फोटूसाठी थांबल्यात."

मी आईकडं बघितलं. "जा," ती म्हणाली, "बोलावत्यात तुला."

आणि मी उठून गेलो.